डोंगरउताराची बांधकामबंदी उठवली तर महापालिकेची तिजोरी भरेल का?

नाथसागर
मंडळी, परवा आमच्या सोसायटीच्या बैठकीत चांगलंच वाजलं. विकास आराखड्यावर हरकत द्यायची की पाठिंब्याचं पत्र, यावरून. प्रश्न छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) सातारा-देवळाईच्या मागच्या डोंगराचा आणि त्याच्या उताराचा, जिथं बांधकामाला बंदी आहे. (खंडोबाचा सातारा, कंदी पेढ्यांचा नव्हे.)

एका गटाचं म्हणणं असं: शहराला लागून एवढी जमीन नुसती पडून आहे. बंदी उठवा, हजारो घरं होतील, मालमत्ता कर येईल, विकास शुल्क येईल, त्या पैशात आपले रस्ते आणि ड्रेनेज होईल. दुसरा गट म्हणतो डोंगराला हात लावायचा नाही. पण का, असं विचारलं की "निसर्ग" एवढंच उत्तर. निसर्ग मलाही प्यारा आहे, पण पहिल्या गटाचा मुद्दा पैशाचा आहे आणि त्याला उत्तरही पैशातच द्यायला हवं ना?

तर प्रश्न सरळ आहे. डोंगरावर घरं अडवल्यानं पालिकेचं खरंच नुकसान होतं का? की उलटं आहे? ज्यांना आकड्यातलं कळतं त्यांनी लिहा. भावनिक भाषणं बैठकीत भरपूर ऐकली आहेत.

मांजराकाठ
काय करलालाव मंडळी. आमच्या लातुरात टेकडीच नाही, त्यामुळं आमची पालिका या पापातून मुक्त. आमच्याकडं पाणीच नव्हतं, तेही २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलं. चालू द्या, वाचतोय.

हिशेबी_तात्या
नाथसागर, पहिल्यांदा पालिकेला पैसे येतात कुठून ते बघा, मग डोंगराकडं वळू.

पूर्वी जकात होती, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तो १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना दरमहा भरपाई देतं. ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते, असं कायद्यातच लिहिलंय. आता गंमत बघा. तुमच्या शहरात नवीन दहा हजार घरं झाली तरी तो हप्ता तेवढाच, एकही झालं नाही तरी तेवढाच. म्हणजे पालिकेच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग घरं बांधण्या-न बांधण्याशी बांधलेलाच नाही.

राहिलं काय? मालमत्ता कर आणि पाणीपट्टी, हे दरसाल. विकास शुल्क आणि प्रीमियम एफएसआयचे (पैसे भरून मिळणाऱ्या जादा बांधकामाचे) पैसे, हे एकदाच. आणि खरेदीखताच्या मुद्रांकावरचा १ टक्का अधिभार. तोही व्यवहार झाला तरच.

विकास शुल्क निवासी वापराला रेडीरेकनरप्रमाणे (सरकारनं ठरवलेल्या बाजारमूल्यावर) जमिनीवर अर्धा टक्का आणि बांधकामावर दोन टक्के, व्यापारी असेल तर दुप्पट. ऐकायला बरं वाटतं. पण ते एकदा येतं आणि त्या वर्षीच्या पगारात जिरतं. रस्ता मात्र वीस वर्षं सांभाळायचा असतो. ज्या सभासदांना "कर येईल" वाटतंय त्यांना विचारा, कुठला कर? एकदाचा की दरसालचा?

देवगिरी_एक्सप्रेस
तात्या, हे सगळं बरोबर, पण घर झालं की मालमत्ता कर सुरू होतोच की. शून्यापेक्षा काहीतरी बरं.

हिशेबी_तात्या
शून्यापेक्षा बरं, हे खर्च शून्य असेल तर. एक कच्चं गणित मांडतो. आकडे माझे गृहीत धरलेले आहेत, तुम्ही बदलून बघा.

चाळीस प्लॉट, प्रत्येकाचं तोंड ३० फूट म्हणजे साधारण ९ मीटर. सपाटीवर रस्त्याच्या दोन्ही बाजूला घरं बसतात, १८० मीटर रस्त्यात काम भागतं. उतारावर बहुतेक वेळा एकाच बाजूला घरं होतात, दुसऱ्या बाजूला एकतर कडा नाहीतर दरड. म्हणजे तेवढ्याच घरांना ३६० मीटर. सहा मीटर रुंद सिमेंट रस्ता, चौरस मीटरला २,००० रुपये धरा: सपाटीवर २१ लाख ६० हजार, उतारावर ४३ लाख २० हजार. वीस वर्षांवर वाटलं, व्याज सोडून, तर वर्षाला १ लाख ८ हजार आणि २ लाख १६ हजार. चाळीस घरांनी ५,००० प्रमाणे कर भरला तर २ लाख. आणि सगळ्यांनी भरला तर, बरं का.

म्हणजे सपाटीवर ९२ हजार उरले, त्यात दिवे-कचरा-नाली बघायची. उतारावर रस्त्यातच १६ हजार घाटा, आणि अजून संरक्षक भिंत धरलेलीच नाही.

निवृत्त_पंपहाऊस
तात्यांचं गणित आवडलं. पाण्याचा मुद्दा कुणीतरी काढणारच आणि "उंचावर पाणी चढवायला विजेचं बिल किती येईल" असं म्हणणार, म्हणून आधीच लिहितो. ते बिल नगण्य असतं.

एक हजार लिटर पाणी ३० मीटर वर चढवायला, पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर, ०.१२६ युनिट वीज लागते. पाच माणसांचं घर, माणशी १३५ लिटर, वर्षाला २४६ हजार लिटर. म्हणजे ३१ युनिट. आठ रुपयांनी अडीचशे रुपये वर्षाला. एवढ्यावर कुणाची पालिका बुडत नाही.

खरा खर्च वेगळा. जी टाकी सपाटीच्या वस्तीला पाणी देते तिच्यापेक्षा वस्तीच उंच गेली की त्या टाकीचा उपयोग संपला. वर नवीन जलकुंभ, त्याला वेगळी चढती वाहिनी, वेगळा पंप, त्यावर माणूस. हे चाळीस घरांसाठी केलं काय आणि चारशे घरांसाठी केलं काय, खर्चात फार फरक पडत नाही. विरळ वस्ती म्हणूनच महाग. आणि पाणीपट्टी आपल्याकडं नळाला सपाट दरानं. औरंगाबादला ती वर्षाला ४,०५० होती, २०२२ मध्ये २,०२५ केली. डोंगरावरच्या नळाला तेवढीच, भर शहरात गुलमंडीतल्या नळालाही तेवढीच. ज्यानं खर्च वाढवला त्याच्या बिलात तो दिसतच नाही, सगळ्यांच्यात विरघळतो. जायकवाडीहून येणाऱ्या नव्या योजनेचा आकडाही १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेला, तो का गेला हा वेगळा धागा होईल.

मांजराकाठ
नळाला पाणी येतंय हे गृहीत धरून चाललेली चर्चा आहे, हे बघून डोळे भरून आले.

निवृत्त_पंपहाऊस
😄 मान्य. पण वाहिनी टाकायचा खर्च पाणी येण्याआधीच होतो. पाणी आठवड्यानं आलं म्हणून पाइप स्वस्त मिळत नाही.

पायथ्याशी
तुमची गणितं वाचली. मी अशाच एका डोंगराच्या पायथ्याला राहतो, शहर आणि वसाहत सांगत नाही. वीस बाय तीसचा प्लॉट, शंभराच्या बॉण्डवर (नुसत्या स्टॅम्पपेपरवर) घेतलेला, गुंठेवारी, म्हणजे लेआऊट मंजूर न करता तुकडे पाडून विकलेला. एनए फोर्टीफोरचा (रीतसर बिगरशेती परवानगीचा) प्लॉट परवडत नव्हता, हौसेनं नाही गेलो. टँकरला महिन्याला जे मोजतो त्यात सपाटीवरचा माणूस वर्षाची पाणीपट्टी भरतो.

आम्ही पालिकेवर बोजा आहोत असं तुम्ही म्हणणार असाल तर आधी हे सांगा, पालिकेनं आमच्यावर खर्च केलाय काय? रस्ता आम्ही वर्गणी काढून मुरूम टाकून केला.

हिशेबी_तात्या
भाऊ, तुम्हाला बोजा कोण म्हणतंय? तुमची पोस्ट हाच खरा मुद्दा आहे. बंदी घातली म्हणून घरं थांबली नाहीत, ती बॉण्डवर गेली. बॉण्डवर गेली म्हणजे मुद्रांक बुडाला, त्यावरचा पालिकेचा १ टक्का बुडाला, विकास शुल्क बुडालं. मंजूर लेआऊटमध्ये आतला रस्ता, नाली, लाइट विकसकानं करून द्यायचे असतात आणि १० टक्के मोकळी जागा सोडायची असते. तुमच्याकडं ते कुणीच केलं नाही. आज ना उद्या निवडणुकीच्या तोंडावर पालिकाच करणार. म्हणजे उत्पन्न गेलं आणि खर्च तेवढा पुढं ढकलला.

देवगिरी_एक्सप्रेस
तात्या, हे तर माझ्या बाजूचं बोललात! मग बंदी उठवा, रीतसर परवानगी द्या, शुल्क घ्या.

खामनदी
देवगिरी, एवढ्यात टाळ्या नका वाजवू. पायथ्याशी यांचं घर १:५ (पाच फुटांत एक फूट) उताराच्या वर आहे की खाली? बहुतेक खालीच असणार. गुंठेवारी मुख्यतः उतारावर झालेली नाही, ती पायथ्याच्या पिवळ्या-हिरव्या (निवासी-शेती) झोनच्या गोंधळात झाली. तिथं घरं व्हायला अडचण उताराची नव्हती, लेआऊट मंजुरीच्या खर्चाची आणि वेळेची होती. डोंगर उघडला तरी वीस बाय तीसचा प्लॉट काही स्वस्त होणार नाही. वर होतील ते व्ह्यू वाले बंगले.

हे दोन प्रश्न लोक कायम एकात कालवतात. गरिबाचं घर पुढं करायचं आणि टेकडी मागायची.

वकील_नसलेला_वकील
थोडं कायद्याचं. डिसेंबर २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली राज्यभराची आहे (मुंबई वगैरे काही भाग सोडून). १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नाही हे त्यातच आहे. त्यामुळं "महापालिकेनं बंदी उठवावी" हे अर्धवट आहे. पालिकेच्या हातात आराखड्यातला झोन आहे, उतार नाही. नाथसागर, हरकत लिहिताना गट नंबर आणि झोन स्पष्ट लिहा, नाहीतर सुनावणीत दोन मिनिटांत बाहेर.

गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरं नियमित करता येतात. पायथ्याशी, तुम्ही अर्ज केलाय का?

पायथ्याशी
नाही. शुल्क ऐकून खाली बसलो. शिवाय कर तर घेतातच, मग नियमित कशाला व्हायचं?

वकील_नसलेला_वकील
तिथंच तर मेख आहे. अनधिकृत बांधकामाला महापालिका अधिनियमाच्या कलम २६७ क खाली मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती (दंड) लावता येते. कागदावर पालिकेला अनधिकृत घर अधिकृत घरापेक्षा जास्त उत्पन्न देतं! वसूल होत नाही ही गोष्ट वेगळी. पिंपरी-चिंचवडला वर्षानुवर्षं शास्तीची थकबाकी फुगत गेली आणि २०२३ मध्ये सरकारनं माफ केली. ज्यांनी इमानदारीनं भरली ते बसले बोटं मोडत.

ईस्टबे_परभणीकर
परभणीचा, सध्या कॅलिफोर्नियात ओकलंडच्या बाजूला. इथं हाच वाद पन्नास वर्षं चालू आहे, त्यामुळं राहवलं नाही.

१९७८ मध्ये इथं प्रपोझिशन १३ आलं. मालमत्ता कर किमतीच्या १ टक्क्यावर बांधला, आणि घर विकलं जाईपर्यंत करासाठीची किंमत दरसाल २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. परिणाम असा की माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं घर माझ्याएवढंच, पण कर माझ्यापेक्षा कितीतरी कमी. आणि गावांचं धोरणच बदललं. घर म्हणजे शाळा, बाग, पोलीस असा कायमचा खर्च आणि कर गोठलेला. दुकान म्हणजे विक्रीकरातला वाटा. मग प्रत्येक गाव म्हणतं, मॉल आम्हाला द्या, घरं शेजारच्या गावाला. डोंगरावरची बंदी काही ठिकाणी खरोखर डोंगरासाठी आहे, काही ठिकाणी ती नको असलेल्या माणसांना बाहेर ठेवायची सभ्य तऱ्हा आहे. घरांच्या किमती काय झाल्या ते विचारू नका.

आणि उलट बाजूही आहे. १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांना आग लागली, अरुंद वळणाच्या रस्त्यांवर गाड्या अडकल्या, २५ माणसं गेली, जवळपास तीन हजार घरं जळाली. डोंगरात घरं बांधू दिली की असा खर्च कधीतरी एकदम अंगावर येतो, आणि तो कुठल्याच वर्षाच्या अंदाजपत्रकात नसतो.

देवगिरी_एक्सप्रेस
म्हणजे तिकडं गाव दुकानासाठी भांडतं. इकडं तात्यांच्या म्हणण्याप्रमाणं जीएसटीचा हप्ता ठरलेला, म्हणून पालिकेला ना दुकानाचं पडलंय ना घराचं. 😄

हिशेबी_तात्या
अगदी तेच. तिकडं चुकीच्या दिशेनं का होईना, ओढ आहे. आपल्याकडं ओढच नाही. आणि गोठलेला कर आपल्याकडंही आहेच, फक्त त्याला मतदान लागलं नाही. भाडेमूल्यावरची आकारणी वर्षानुवर्षं सुधारायचीच नाही, झालं. पंधराव्या वित्त आयोगानं अनुदानाला अट घातली, मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नाच्या वेगानं वाढवा. तेव्हा कुठं फायली हलल्या.

गौणखनिज
सगळे घरांवर बोलताय. डोंगर घरांनी नाही संपत, मुरमानं संपतोय. रात्री जेसीबी, पहाटे हायवा (टिपर). मुरमाचं स्वामित्वधन (रॉयल्टी) २०२१ मध्ये ब्रासला (१०० घनफुटाला) ६०० रुपये झालं, आणि ते जातं महसूल खात्याकडं, पालिकेकडं नाही. विनापरवाना उपसा सापडला तर बाजारभावाच्या पाचपट दंड, तोही महसूलकडं. हायवांनी फुटलेला रस्ता तेवढा पालिकेचा.

बांधकामाला बंद आणि खोदायला उघडा, असा डोंगर ठेवून कुणाचा फायदा झाला ते तुम्हीच सांगा.

मांजराकाठ
यावर एक मत. थोडे दिवस थांबा, डोंगर आपोआप सपाट होईल, मग १:५ चा नियमच लागू होणार नाही.

गोदाकाठ_नांदेड
मांजराकाठ, हसू नका, हे नियोजनाचं सूत्र म्हणून कुणीतरी खरंच वापरेल.

आमच्याकडं टेकडी नाही, पूररेषा आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. तिथंही हीच कहाणी: जमीन स्वस्त, बॉण्ड, घरं, मग गोदावरीला पाणी आलं की शाळेत स्थलांतर, पंचनामे, मदत. मदत राज्याच्या खजिन्यातून आणि घाण उपसायचा खर्च पालिकेचा. त्यामुळं नुसत्या टेकडीचा नाही, बंदी पाळून घ्यायला पालिका माणूस आणि पैसा ठेवते का हा प्रश्न आहे. कागदावरची बंदी म्हणजे जमिनीवरची सूट.

पाणचक्की
मियाँ, एक बात कोई नहीं बोला. या शहराचं पाणी मुळात डोंगरानंच दिलं. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली आणि उत्तरेच्या डोंगरातून भूमिगत नहरी आणल्या. ना पंप, ना बिल. पाणचक्की नंतरची, पण तीही डोंगरातून आलेल्या अशाच नहरीच्या पाण्यावर. खाम नदीचा उगमही जटवाड्याच्या डोंगरातच. त्या उतारावर सिमेंट ओतलं तर पाऊस मुरणार कुठं? ७०० मिलिमीटर पडतो, तो सरळ नाल्यात येणार. मग नाल्याची भिंत बांधा, पूल उंच करा. तात्या, ये भी हिसाब में डालो.

खामनदी
हे तात्यांच्या गणितात सगळ्यात अवघड बसणारं आहे, कारण खर्च वर नाही होत, खाली होतो. वरच्या वस्तीचं पाणी खालच्या वस्तीत शिरतं.

सातबारा
आता माझंही ऐका. डोंगराच्या उताराला आमची वडिलोपार्जित नऊ एकर आहे. खडकाळ, कुसळं उगवतात. खालच्या शेतकऱ्यानं प्लॉटिंग केलं, फॉर्च्युनर घेतली. माझ्या सातबाऱ्यावर झोन बसला, आम्ही अजून शेळ्याच राखतो. शहराला हवा पाहिजे, पाणी मुरायला पाहिजे, मॉर्निंग वॉकला टेकडी पाहिजे, सगळं मान्य. पण फुकट? तुमच्या गणितात माझी ओळ कुठाय?

वकील_नसलेला_वकील
सातबारा, कठीण आहे. आरक्षण असतं (बाग, शाळा) तर संपादन करावं लागतं, किंवा टीडीआर (दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो. दहा वर्षांत नाही घेतलं तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देऊन आरक्षण व्यपगत (रद्द) करता येतं. पण तुमची जमीन आरक्षित नाही, नुसती झोनमध्ये आहे. झोनला भरपाई नसते. जमीन तुमचीच, वापर बंद.

पुण्यात पालिकेत समाविष्ट केलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकलं, २०१५ ला ८ टक्के टीडीआर देऊ केला. जमीनमालक म्हणाले एवढ्यात काय होतंय. जमिनी अजून तशाच लटकल्यात आणि मधेमधे अतिक्रमणं. भरपाई अगदी कमी दिली की मालक स्वतःच बॉण्डवाल्याला हाक मारतो.

हिशेबी_तात्या
सातबारा, तुमची ओळ राहिली होती हे खरं. पण ती बसवता येते. पायथ्याच्या सपाट पट्ट्यात एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ती मर्यादा) वाढवून द्यायचा आणि त्यासाठी प्रीमियमऐवजी डोंगरमालकाचा टीडीआर विकत घ्यायची सक्ती करायची. म्हणजे ज्यानं प्लॉटिंग करून फॉर्च्युनर घेतली तोच तुम्हाला पैसे देणार, पालिकेच्या तिजोरीला हात लागणार नाही. घरंही सपाटीवर दाट होतील, तिथला रस्ता आणि जलकुंभ एकदाच. आपल्या शहरात टीडीआरला बाजारभाव किती मिळेल हा प्रश्न आहे, पुण्यासारखी मागणी इथं नाही.

देवगिरी_एक्सप्रेस
याला माझी ना नाही. पण मग पायथ्याला सात मजले होतील आणि तुमचे निसर्गवालेच हरकत घेतील की डोंगर दिसत नाही.

खामनदी
घेतील. 😄 मी घेणार नाही, लिहून देतो.

नाथसागर
अपेक्षेपेक्षा खूपच मिळालं. हरकतीत मी असं मांडतोय: उताराचा झोन तसाच ठेवा, पायथ्याच्या पट्ट्यात लहान प्लॉटचे लेआऊट स्वस्तात आणि ठरावीक मुदतीत मंजूर करा, डोंगरमालकांना टीडीआर द्या आणि तो पायथ्याला वापरायची सोय करा. शिवाय झोन बदलाच्या प्रत्येक प्रस्तावाला वीस वर्षांचा रस्ता-पाणी-नाली खर्च आणि अपेक्षित कर शेजारी-शेजारी लावलेला तक्ता जोडा, ही मागणी. तात्या, तक्त्याचा नमुना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? पहिल्या गटातले दोघं-तिघं आकडे बघून हलतील असं वाटतंय. उरलेल्यांचे वर प्लॉट आहेत.

मांजराकाठ
शेवटचं वाक्य आधी लिहिलं असतं तर आमचे एवढे प्रतिसाद वाचले असते.

सातबारा
वकीलसाहेब, १:५ उतार आमच्या जमिनीत आहे का नाही हे मोजायचं कसं? मोजणीवाल्याची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही.

निवृत्त_पंपहाऊस
अधिकृत मोजणी लागणारच, पण अंदाज घरी घेता येतो. पाच फूट सरळ पट्टी घ्या, वरचं टोक जमिनीला टेकवा, स्पिरिट लेव्हलनं आडवी धरा. खालच्या टोकापासून जमीन एक फुटापेक्षा खोल असेल तर १:५ पेक्षा तीव्र. चार-सहा ठिकाणी करा, एका खड्ड्यावरून ठरवू नका.

सातबारा
करून आलो. मधल्या पट्ट्यात सगळीकडं दीड फुटाच्या वर. पण माथ्यावर तीन एकर टेबलासारखी सपाट आहे, तिथं अर्धा फूटही नाही. मग माथ्यावर बांधता येईल का?

निवृत्त_पंपहाऊस
माथा सपाट असेलही. वर जायचा रस्ता कुठून काढणार?